पिकअपचा हौदा ‘वॉटरप्रूफ’ करून घेताना मी ३९ हजारांना कसा फसलो

मे २०२४ मध्ये मी माझ्या पिकअपच्या हौद्याचं (मागच्या माल ठेवायच्या भागाचं) आणि फाळक्याचं (हौद्याच्या मागच्या, खाली पडणाऱ्या दाराचं) ‘फुल वॉटरप्रूफिंग’ करून घेतलं, सहलीत आत गादी टाकून झोपता यावं म्हणून. ३९,००० रुपये मोजले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, भंडारदऱ्याला, रात्री अडीच वाजता मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला भिजलेल्या गादीवरून उचललं आणि पुढच्या सीटवर नेऊन झोपवलं. हे लिहायला मला वर्ष लागलं. नुसतं ‘फसवलं हो’ म्हणून काही उपयोग नव्हता. नेमकं कुठे, कशात आणि कसं फसवलं हे मला आधी कळायला हवं होतं. म्हणून हे काम करणाऱ्या माणसाने बसवलेली प्रत्येक गोष्ट मी एकेक करून उचकटून पाहिली. जे सापडलं ते इथे लिहितोय.

गाडी २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस, सेकंड हँड घेतलेली. मी साताऱ्याचा. ठिबक सिंचनाची कामं करतो, पण ही गाडी खाजगी नोंदणीची, घरच्यासाठी. कोल्हापूरच्या एका मित्राने त्याची पिकअप विकली तेव्हा त्याची फायबरची कॅनोपी, म्हणजे हौद्यावर बसवायचं खिडक्यांचं छप्पर, मी घेतली. कॅनोपी चांगली होती, आजही आहे. गळती तिची नव्हती.

पिकअप घेणाऱ्या बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीत नसते, मलाही नव्हती. हौदा कोरडा राहावा म्हणून बनवलेलाच नसतो. तो माल वाहायला असतो, आत पडलेलं पाणी बाहेर जावं म्हणून असतो. त्यामुळे फाळक्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली बोटभर फट कंपनीच ठेवते आणि हौद्याच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकंही ठेवते. वर कॅनोपी बसवली की डोक्यावरचं पाणी थांबतं. फाळक्याच्या फटीतून, कॅनोपी आणि हौद्याच्या काठाच्या सांध्यातून आणि केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतून पाणी येतच राहतं. शिवाय धूळ. गाडी पळते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि रस्त्यावरची धूळ, चिखलाचे तुषार उलट फिरून फाळक्याच्या फटीतून आत ओढले जातात. पावसात पुढून पाणी येईल असं वाटतं. खरं पाणी मागून येतं.

हे सगळं त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या भेटीत त्यानेच मला ते समजावून सांगितलं, आणि माझा विश्वास बसला तो तिथेच. पुण्याच्या बाहेर हमरस्त्याला त्याचं वर्कशॉप. ‘दादा, कॅनोपीवाले तुम्हाला छप्पर विकतात, मी तुम्हाला खोली बनवून देतो,’ हे त्याचं वाक्य. बायको सोबत होती, तिला खुर्ची दिली, मुलीला सरबत मागवलं. मोबाइलवर पंधरा-वीस फोटो दाखवले: हौद्यात गादी, दिवे, लाकडी कप्पे, मागे कापडी खोली. त्यातल्या दोन-तीन फोटोंत स्टिअरिंग उजवीकडे होतं पण नंबर प्लेट आपल्याकडची नव्हती, हे मला फार नंतर, तेच फोटो पुन्हा पाहताना दिसलं. तेव्हा मी गाद्या बघत होतो.

ठरलं ते असं. हौद्याला आतून पॉलियुरियाचा, म्हणजे पत्र्यावर घट्ट थर धरणाऱ्या प्लास्टिकसारख्या कोटिंगचा स्प्रे, म्हणजे गंज नाही आणि पाझर नाही. फाळक्याला चारी बाजूंनी ‘थायलंडची इंपोर्टेड ईपीडीएम’ बीडिंग, म्हणजे फट बंद करणारी रबरी पट्टी. कॅनोपीखाली नवीन टेप आणि सांधे सीलबंद. आमचा हौदा जेमतेम पाच फुटांचा, त्यात मोठा माणूस सरळ झोपू शकत नाही. म्हणून रात्री फाळका खाली पाडून त्यावर पाय ठेवता येतील अशी मागे कापडी खोली, तीही वॉटरप्रूफ. आजन्म वॉरंटी. ती तोंडी. २५,००० आगाऊ, बाकी काम झाल्यावर. पैसे यूपीआयने गेले, आणि ज्या नावावर गेले ते वर्कशॉपचं नव्हतं, कुणा तिसऱ्याच व्यक्तीचं होतं. ‘घरचंच खातं आहे दादा.’ जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं तर १८ टक्के वर लागतील. मी कच्च्या पावतीवर तयार झालो. पुढे याच कागदाने मला सगळ्यात जास्त त्रास दिला.

काम तीन दिवसांत होणार होतं, झालं एका दिवसात. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने मला जे दाखवलं ते मी कधी विसरणार नाही, कारण सगळी फसवणूक त्या पाच मिनिटांत होती. गाडी वर्कशॉपसमोरच्या उतारावर उभी होती, तोंड खाली, शेपूट वर. एका पोराने पाण्याची नळी आणली आणि कॅनोपीच्या टपावर धार सोडली. पाच मिनिटं. मग त्याने थाटात फाळका उघडला, मला आत हात फिरवायला लावला. कोरडं ठणठणीत. मी हात जोडले आणि उरलेले १४,००० दिले.

तोंड खाली असलेल्या गाडीच्या टपावर पाणी सोडलं की ते पुढे बॉनेटकडे वाहून जातं. फाळक्यापर्यंत थेंबही येत नाही. जी जागा मी ३९,००० देऊन बंद करून घेतली होती तिथे त्या दिवशी पाणी पोचलंच नव्हतं. गाडी उतारावर उलटी लावली असती तर माझे निदान १४,००० वाचले असते.

जूनचा दुसरा आठवडा. भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला जायचं मुलीला दोन वर्षांपासून कबूल केलं होतं. संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. अकोल्यापर्यंत कोरडं. दुपारी गाडीत वास यायला लागला, नवीन डांबर टाकलेल्या रस्त्याचा असतो तसा. उन्हाने तापलं असेल म्हणून काचा खाली केल्या. अकोल्याच्या पुढे वळिवाने गाठलं, तासभर झोडपलं. मुक्कामाच्या गावी एका ओळखीच्या घराच्या आवारात गाडी लावली, फाळका उघडला, तर गादीचा मागचा दीड फूट भाग पिळून काढावा इतका ओला आणि चादरीवर लाल चिखलाचे शिंतोडे. गादी उलटी केली तर खालून काळी झालेली. हौद्याच्या तळाला चिकटली होती.

त्या घरच्या मावशींनी दोन घोंगड्या दिल्या. काजवे दिसले, भरपूर दिसले, एक अख्खं झाड उजळून विझत होतं. मुलगी खूश होती म्हणून आम्ही तिथेच राहायचं ठरवलं. फाळका पाडून मागची कापडी खोली लावली. रात्री एकनंतर पुन्हा पाऊस. कापडातून नाही, पण प्रत्येक शिवणीतून पाणी पाझरायला लागलं, आणि पाडलेला फाळका व हौद्याचा तळ यांच्यामध्ये बिजागरीपाशी जी दोन बोटांची फट राहते तिच्यातून खालून उडणारं पाणी वर यायला लागलं. मुलीचे पाय तिथेच होते. ती रडली नाही. ‘बाबा, पाणी येतंय,’ एवढंच म्हणाली. मला आजही ते आठवलं की बोलवत नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘दादा, ते बाहेरचं पाणी नाही. तुम्ही तिघं आत झोपलात, श्वासाची वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होतं. सगळ्यांना होतं. गुगल करा.’ मी गुगल केलं. खरंच होतं ते. बंद हौद्यात माणसं झोपली की आतल्या पत्र्यावर दव धरतं, छतावरून टपकतंही. खऱ्या गोष्टीच्या आडून खोटं बोलणं हे त्याचं कसब होतं. मी चार दिवस त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. मग बायको म्हणाली, ‘अहो, वाफेला लाल माती कुठून लागली?’

त्यानंतर आम्ही जे केलं ते कुणालाही घरी करता येईल. साताऱ्यात पाऊस लागल्यावर गाडी सपाट जागी उभी केली, हौद्यात तळभर वर्तमानपत्रं पसरली, आत कुणीही नाही, आणि रात्रभर तशीच ठेवली. रिकाम्या गाडीत श्वासाची वाफ नसते. सकाळी फाळक्याजवळचे कागद लगदा झाले होते, पुढचे दोन कोपरे ओले होते, मधले कोरडे. मग रात्री मी आत बसलो, सगळं बंद केलं आणि बायकोने बाहेरून टॉर्च फिरवला. जिथून उजेड आत आला तिथे मी खडूने खूण केली. अकरा खुणा झाल्या. शेवटी कागदाची पट्टी फाळक्यात धरून फाळका बंद केला आणि ओढून पाहिली. बीडिंग दबत असेल तर पट्टी अडकते, जोर लावावा लागतो. आमच्याकडे खालच्या बाजूला ती हवेत असावी तशी सरकली.

हे सगळं व्हिडिओ करून पाठवलं. ‘घेऊन या, करून देतो.’ दोनदा तारीख दिली, दोनदा मी पुण्याला गेलो, एकदा तो गावाला, एकदा कारागीर गावाला. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. नंतर माझा नंबरच ब्लॉक.

मग मी उचकटायला घेतलं.

आधी बीडिंग. मी रोज गॅस्केट, रबरी वायसर हाताळणारा माणूस, मला रबर कळतं असा माझा समज होता. ईपीडीएम हे ऊन, पाऊस, हवा सोसणारं रबर. गाड्यांच्या दारांना मूळची जी बीडिंग येते ती बहुतेक त्याचीच. दाबून सोडलं की लगेच फुगून मूळ आकार धरतं. माझ्या फाळक्याला खाली जी लावली होती ती मऊ पीव्हीसी निघाली, फ्रीजच्या दाराला असते त्या जातीची. उन्हात दोन महिन्यांत ती ताठ झाली होती. तुकडा अंगणात उघड्यावर धरून पेटवला: पीव्हीसी ज्योतीत असेपर्यंत जळतं, ज्योत काढली की विझतं आणि नाकाला झोंबणारा धूर येतो. ईपीडीएम काळा धूर सोडत जळत राहतं. बाजूंना तर रबर नव्हतंच, वरून काळी कातडी असलेला स्पंज होता. कापलेला तुकडा बादलीत बुडवून दाबला तर बुडबुडे आले आणि सोडल्यावर तो पाणी पिऊन जड झाला. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही. थोडक्यात, फाळक्याच्या दोन्ही अंगांना त्याने पाणी धरून ठेवणारी वात बसवली होती.

टेपचं सांगतो. असल्या चिकट टेपला लावायच्या आधी जागा स्पिरिटने पुसावी लागते आणि पूर्ण पकड यायला तीन दिवस लागतात, तोवर गाडी धुवायची नाही. मला त्याच संध्याकाळी गाडी मिळाली, वर नळीही मारलेली. टेप सोलला तर खाली धूळ तशीच.

आता हौद्याचा स्प्रे, यात सगळ्यात जास्त पैसे गेले. खरा पॉलियुरिया मारायला मोठं यंत्र लागतं. दोन रसायनं वेगवेगळी तापवून जबर दाबाने बंदुकीच्या तोंडाशी आणतात, तिथेच ती मिसळतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत घट्ट होतात. डबा उघडून साध्या कंप्रेसरने मारायची ती वस्तूच नाही. त्याच्या वर्कशॉपमध्ये मी इतक्या वेळा गेलो, तसं यंत्र कुठेच नव्हतं, आणि मी विचारलं नाही. मारलं होतं ते गाडीच्या पोटाला मारतात ते डांबरी कोटिंग. गाडीखाली ते चांगलंच काम करतं. पण कॅनोपीखाली उन्हात हौदा तापतो, ते मऊ पडतं, वास सोडतं, आणि त्यावर आपण तोंड ठेवून झोपणार. ओळखायची रीत सोपी आहे: रॉकेलचा बोळा घासा. माझा बोळा काळाकुट्ट झाला. घट्ट झालेल्या पॉलियुरियाला रॉकेलने रंग सुटत नाही आणि नखाने खूणही उठत नाही. ते खरवडायला मला चार रविवार आणि साडेसहा लिटर रॉकेल-थिनर लागलं.

सांध्यांत भरलेलं सिलिकॉन काचेचं, व्हिनेगरसारखा वास येणारं. तो आंबट वास असतो अ‍ॅसेटिक आम्लाचा. उघड्या पत्र्याला ते गंज आणतं. लोखंडाला बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लागतं. आणि उघडा पत्रा होताच, कारण कॅनोपीची मूळची क्लॅम्प काढून त्याने हौद्याच्या काठाला सहा भोकं पाडून स्क्रू मारले होते. भोकांना प्रायमरचा हात नाही. सहाही जागी तांबडं सुटलेलं.

मला झोप लागू न देणारी गोष्ट मात्र शेवटी सापडली. हौद्याची पाणी जायची भोकं त्याने एम-सीलने बुजवली होती आणि कॅनोपीच्या बाजूच्या खिडकीची सरकती जाळी आतून सिलिकॉनने कायमची बंद केली होती. गळती थांबत नव्हती, पण हवा थांबली होती. मागे कापडी खोली लावली होती म्हणून त्या रात्री वारा खेळला. थंडीत फाळका बंद करून, आत एखादी शेगडी लावून किंवा गाडीचं इंजिन चालू ठेवून कुणी झोपलं असतं तर? कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जाग येत नाही. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाखाली त्याने माझ्या लेकराच्या श्वासाची वाट बुजवली होती. ३९,००० रुपये मी सोडूनही दिले असते. हे नाही सोडणार.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, हौद्यात झोपणार असाल तर दोन खिडक्या, समोरासमोर, बोटभर उघड्या राहिल्याच पाहिजेत, वर पावसाची पट्टी लावून. आत शेगडी, कोळसा, जनरेटर काहीही नाही. आणि पाणी जायची भोकं बुजवू नका. खालून पाणी येऊ नये म्हणून त्यांना पाणी खालीच सोडणारे रबरी बूच मिळतात. आलेलं थोडं पाणी जायला वाट असेल तर हौद्याचं तळं होत नाही. गादी दोन इंच उंच फळीवर ठेवली की भागतं.

काम कुणाकडूनही करून घ्या, पण शेवटचा हप्ता द्यायच्या आधी गाडी सपाट उभी करायला लावा आणि तुम्ही स्वतः आत बसा. नळी टपावर नको, मागच्या काचेवर, फाळक्याच्या दोन्ही अंगांवर आणि खालून बिजागरीवर, पंधरा-वीस मिनिटं. मग गाडीचं तोंड चढाला करून पुन्हा एकदा. जो माणूस याला नाही म्हणेल त्याला उरलेले पैसे देऊ नका. बीडिंगचा वीतभर तुकडा आधी मागून घरी नेऊन बादलीत बुडवा. आणि काठाला भोक पाडण्याचा विषय निघाला की तिथेच थांबा. क्लॅम्पवर कॅनोपी नीट बसते. एकूणच गाडीत कायमचा बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि मूळ बनावटीविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. ‘आरटीओचं टेन्शन नाही’ असं दुकानदार म्हणतो, गाडी मात्र तुमच्या नावावर असते.

पैशांचं काय झालं? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तिथून काही हललं नाही. मग वकिलांनी एक चांगली गोष्ट सांगितली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पुण्याला खेपा नकोत, साताऱ्यातच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. अडचण आली ती कागदाची. कच्च्या पावतीवर वर्कशॉपचा पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, पैसे तिसऱ्याच्या खात्यात. जीएसटी भरायला लागला असता तर ७,०२० रुपये गेले असते, पण पंधरा अंकी-अक्षरी नंबर हातात आला असता, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा, आणि तो सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं खरं नाव-पत्ता समोर येतो. आम्हाला ते सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांवरून आणि यूपीआयच्या नोंदींवरून जुळवावं लागलं. संदेश मी पुसले नव्हते, हे नशीब. त्यात ‘ईपीडीएम’, ‘पॉलियुरिया’ हे शब्द त्याने स्वतः टाइप केलेत.

वकिलांची नोटीस गेल्यावर आठव्या दिवशी त्याचा फोन आला, दुसऱ्या नंबरवरून. १२,००० परत देतो, विषय संपवा. मी वकिलांना विचारून ते घेतले, पण ‘हिशेबापोटी, तक्रार कायम’ असा संदेश पाठवून. तक्रार दाखल आहे.

दरम्यान साताऱ्यातल्याच एका रबराच्या दुकानातून मीटरवर खरी बीडिंग आणली, स्पिरिटने पुसून मी आणि बायकोने एका रविवारी लावली, तीन दिवस गाडी हलवली नाही. सहा भोकं झिंक प्रायमर मारून बुजवली, क्लॅम्प परत बसवल्या. डांबर खरवडलेल्या हौद्यात जाड रबरी मॅट टाकली. कापडी खोलीच्या शिवणींना आतून टेप मारून घेतला. सगळं मिळून ८,४०० रुपये. या जूनमध्ये वर्तमानपत्रं पुन्हा अंथरली. डाव्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढी ओल येते, ती कुठून येते ते अजून शोधतोय.

काढलेल्या बीडिंगचे तुकडे, सोललेला टेप, काळा झालेला बोळा आणि एम-सीलच्या त्या गोळ्या मी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून, तारखा लिहून, दुकानाच्या कपाटात ठेवल्यात. असं कुणाचं झालं असेल तर रागाच्या भरात ते फेकू नका. वकिलांनी पहिल्या भेटीत तेच मागितलं होतं.